नदीचं पाणी समुद्रात ‘वाया’ जात नाही

दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच राहतात: नदीचं पाणी समुद्रात जाऊन वाया जातं, पाणथळ म्हणजे डासांचं आगर, पडीक जमीन, पूर थांबवायचा तर पात्र सरळ करा, बांध घाला, आणि हे सगळं इंजिनिअरांचं काम, गावकऱ्यांना त्यातलं काय कळतं! पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. टंचाई सोसलेल्या माणसाला वाहून जाणारं पाणी बघवत नाही, हे मला कळतं. पण अशाच समजुतींवर नद्या अडवल्या जातात आणि पाणथळी बुजवल्या जातात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

“समुद्रात जाणारं पाणी वाया जातं.”

नदी समुद्राला नुसतं पाणी देत नाही. ती गाळ नेते, माशांचं खाद्य नेते आणि मुखाशी खाऱ्या पाण्याला थोपवून धरते. इजिप्तमध्ये याचा हिशोब आकड्यांत दिसला. नाईलच्या पुराबरोबर येणाऱ्या पोषक द्रव्यांवर मुखाजवळच्या समुद्रात सार्डिन मासे पोसले जायचे. 1962 मध्ये तिथे सुमारे 18 हजार टन सार्डिन मिळाले होते. 1964 पासून आस्वानच्या उंच धरणामागे पाणी साठू लागलं आणि 1968 पर्यंत हाच आकडा हजार टनांच्याही खाली आला. गाळ धरणातच बसू लागला, त्यामुळे त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र कुरतडू लागला. आस्वानने वीज दिली, सिंचन दिलं, हे नाकारण्याचं कारण नाही. पण जे वाया जातंय असं वाटत होतं, त्यावर मुखाशी कितीतरी चुली पेटत होत्या.

हजार किलोमीटरहून लांब नद्यांपैकी जेमतेम 37 टक्के आज संपूर्ण लांबीभर मोकळ्या वाहतात, असं 2019 च्या जागतिक पाहणीत दिसून आलं. या मोकळ्या उरलेल्या नद्यांपैकी किती राखायच्या, एवढंच आता आपल्या हातात आहे.

“पाणथळ म्हणजे पडीक जमीन. भराव टाका, वापरात आणा.”

पाणथळीच्या काठचा चिखल मुठीत घेऊन पिळून बघा. बोटांमधून पाणी गळतच राहतं आणि शेवटी हातात अर्धवट कुजलेल्या मुळ्यांचा जाळीदार चोथा उरतो. पावसाळ्यात हा चोथा पाणी पिऊन फुगतो आणि पुढे कितीतरी दिवस ते थोडं थोडं सोडत राहतो. लव्हाळ्यांत गढूळ शिरलेलं पाणी पलीकडून निवळून निघतं, कारण देठांमध्ये त्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. डासांचं म्हणाल, तर जिवंत पाणथळीत मासे आणि चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्या खाऊन टाकतात. भराव टाकून निचरा तुंबला की जी डबकी साचतात, त्यांत मात्र खाणारं कुणी नसतं.

पण नुसतं पाणी भरून ठेवलं म्हणजे पाणथळ राखली, असंही होत नाही. मणिपूरच्या लोकताक सरोवरावर फुमदी, म्हणजे गवतामातीचे जाड थर तरंगतात. कोरड्या महिन्यांत पाणी उतरलं की हे थर तळाला टेकायचे, मुळं चिखलातून पोषण घ्यायची आणि पावसात पुन्हा वर यायची. 1983 मध्ये इथाई बंधारा सुरू झाला आणि पाणी वर्षभर उंच राहू लागलं. टेकायला तळच मिळेना, थर पातळ होत गेले आणि त्यांवर जगणाऱ्या संगई हरणाच्या पायाखालची जमीनच कमकुवत झाली. पाणथळीला पाण्याची चढउतार लागते, आणि ती मोकळी वाहणारी नदीच देते.

“पात्र सरळ करा, पूर संपेल.”

फ्लोरिडातली किसिमी नदी 166 किलोमीटर वळणं घेत वाहायची. पुराच्या भीतीने 1962 ते 1971 या काळात तिला 90 किलोमीटरच्या कालव्यात कोंबलं. काठच्या पाणथळी सुकल्या, हिवाळी पाणपक्षी नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. शेवटी 1999 ते 2021 खपून त्याच कालव्याचा काही भाग बुजवून वळणं परत जोडावी लागली. उलट बोस्टनच्या चार्ल्स नदीवर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनीच वरच्या खोऱ्यातल्या सुमारे 3,300 हेक्टर पाणथळी विकत घेऊन किंवा करार करून राखल्या, कारण पूर धरून हळूहळू सोडायचं काम त्या आधीपासूनच करत होत्या. आधीच तुडुंब भरलेली पाणथळ पुढचा मोठा पाऊस फारसा झेलत नाही, हेही खरं. म्हणूनच एखादा तुकडा राखून भागत नाही, खोरंभर त्या हव्यात.

“गावकऱ्यांना काय कळतं?”

राजस्थानातल्या अरवरी नदीचं खोरं बघा. 1985 नंतर तिथल्या गावांनी तरुण भारत संघ या स्वयंसेवी संस्थेच्या साथीने उतारांवर आणि ओढ्यांवर जोहड, म्हणजे मातीचे छोटे बांध घातले. ‘मग तेही पाणी अडवणंच झालं ना?’ असं कुणी विचारेल. फरक आहे. जोहड पाणी जिथल्या तिथे जमिनीत मुरवतो आणि तेच पुढे झिरपून नदीत येतं. मोठं धरण नदीचा ओघच तोडतं. नव्वदच्या दशकात अरवरी पुन्हा बारमाही वाहू लागली. त्यानंतर सुमारे 70 गावांनी मिळून अरवरी संसद भरवली. पाणी किती उपसायचं, उसासारखी तहानलेली पिकं घ्यायची का, झाडं कुठे तोडायची नाहीत, हे तिथे ठरू लागलं. वरच्या गावाने जास्त उपसा केला की खालच्या गावाचा डोह लवकर आटतो, आणि ते सर्वांत आधी त्या खालच्या गावालाच दिसतं.