अनुताई वाघ: त्यांच्या दुःखाबद्दल खूप बोललो, आता कामाबद्दल बोलूया

बालशिक्षणाच्या कार्यक्रमात अनुताई वाघांचा फोटो असला की भाषणं ठरलेल्या वळणाने जातात. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग आयुष्यभर आदिवासी मुलांची सेवा, पद्मश्री. सगळं खरं आहे. पण ऐकताना दरवेळी वाटतं, या बाईंच्या दुःखाबद्दल आपण इतकं बोलतो आणि त्यांच्या बुद्धीबद्दल जवळजवळ काहीच नाही. त्यागाला नमस्कार केला की सुटता येतं. त्यांनी वर्गात नेमकं काय केलं हे विचारलं, तर आपल्यालाही उद्या तसं काही करावं लागेल.

अनुताई १९१० साली मोरगावला जन्मल्या. आधी नाशिक जिल्ह्यात खेड्यात शिकवलं, मग पुण्यात हुजूरपागेत, मुलींच्या शाळेत. दिवसा नोकरी आणि रात्रशाळेत स्वतःचं शिक्षण. १९४५ मध्ये बोरिवलीच्या शिबिरात ताराबाई मोडकांशी गाठ पडली आणि पस्तिशीच्या अनुताई पुण्यातली स्थिर नोकरी सोडून डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम करून, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा करून, शहरातली बालमंदिरं बघून त्या आता खेड्याकडे वळल्या होत्या. दोघींचं हे नातं मला फार मोलाचं वाटतं. एकीकडे विचार पक्का होता, दुसरीकडे तो रोज सकाळी अंगणात उभा करणारे हात होते.

तो काळही ध्यानात घ्यायला हवा. त्याच १९४५ साली उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात वारली माणसं वेठबिगारीविरुद्ध उठली होती. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. ज्या घरात आईबाप पहाटे सावकाराच्या शेतावर नाहीतर गवत कापायला जातात, तिथलं चार वर्षांचं पोर बालवाडीत कशाला येईल? त्याला आणून सोडणार कोण? मुलं येईनात. मग ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. झाडाखाली, कुणाच्या तरी अंगणात. आज देशभर गावोगाव दिसणारी अंगणवाडी या विचारातून आली.

मुलं जमायची ती गाणी, गोष्टी आणि खेळांमुळे. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण गाणं हा बालवाडीतला विरंगुळा असं आपण समजतो. माझा अनुभव वेगळा आहे. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी परकी असते. प्रश्न विचारला की ते गप्प होतं, आणि आपण ठरवतो की त्याला काही येत नाही. गाण्यात तसं होत नाही. मध्येच कुठेही सूर धरता येतो, एखादा शब्द चुकला तर सगळ्यांच्या आवाजात तो वाहून जातो, हातवाऱ्यांमुळे अर्थ आपोआप कळतो. आठवडाभर एक गाणं म्हटलं की वीस-पंचवीस नवे शब्द मुलाच्या तोंडात बसलेले असतात आणि त्याला कुणी शिकवल्याचा ताणही नसतो. वर्गात महिनोन् महिने तोंड न उघडलेली मुलं मी आधी गाताना आणि मग बोलताना पाहिली आहेत. ही भाषा शिकवण्याची पक्की रीत आहे, आणि अनुताईंचं काम पुढे जिथे गेलं त्या डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर ती कित्येक वर्षं राबवली गेली.

चित्रांचंही तसंच. ज्या मुलाच्या घरी लग्नात गेरूच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं वारली चित्र, लिहितात, ते मूल रेषा घेऊनच जन्माला येतं. डहाणू तालुक्यातल्याच गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी सत्तरच्या दशकात ती कला कागदावर जगापुढे नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलाच्या हातात पाटी देऊन छापील सफरचंदाची नक्कल करायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मॉन्टेसोरी या बालशिक्षण पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं, आसपास मिळेल ते साधन झालं. मला तर वाटतं, पैसा असता तरी या दोघींनी शेवटी हेच केलं असतं.

१९५६-५७च्या सुमारास काम कोसबाडला गेलं. मोठी मुलगी शाळेत येत नाही कारण कडेवर तान्हं भावंड आहे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र करून विकासवाडी झाली. गुरं राखणारी मुलं येत नाहीत, म्हणून शाळा कुरणात गेली; तिचं नावच कुरणशाळा. अडचण दरवेळी मुलाच्या आयुष्यातली, आणि बदलायचं शाळेनं. एवढं चालू असताना अनुताईंनी पन्नाशीत बी.ए. केलं. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, काम थांबलं नाही. आणि १९८२ साली, बहात्तराव्या वर्षी, शिक्षणतज्ज्ञ रमेश पानसे यांच्यासोबत ग्राममंगल ही शिक्षणसंस्था सुरू केली. या वयात माणसं आठवणी लिहायला बसतात!

२ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पोषण, लसीकरण यांचं मोल मी कमी मानत नाही, त्यामुळे असंख्य मुलं जगली. पण सेविकेचा दिवस आज वजनं, नोंदवह्या, मोबाइलमधल्या नोंदी आणि सर्वेक्षणांत जातो. गाणं घ्यायला वेळ कधी मिळायचा? तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. तिला अजूनही मानधनावर ठेवायचं आणि भाषणात अनुताईंचा वारसा म्हणायचं, हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही. दुसरीकडे खासगी नर्सरीत तीन वर्षांची पोरं रेघोट्यांच्या वह्या भरतात, आणि कला म्हणजे वर्षातून एकदा गॅदरिंगला सिनेमाच्या गाण्यावर बसवलेला नाच.

तरीही गावोगाव अशी माणसं आहेत. शाळा सुटल्यावर पेटी काढून बसणाऱ्या बाई, सुट्टीत पोरांना घेऊन नाटुकलं बसवणारे सर. कुणी पगार देत नाही, कुणी बातमी देत नाही. अशा माणसाच्या निधनानंतर आपण 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितो आणि त्यांनी रचलेली गाणी, खेळ, मुलांना बोलतं करायच्या क्लृप्त्या त्यांच्यासोबत जातात.

अनुताई सप्टेंबर १९९२ मध्ये गेल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या किती तरी बाई आज सत्तरी-ऐंशीत असतील. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याकडे जा. मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. गाणं कोणत्या वयाला घ्यायचे, हातवारे कसे करायचे, मूल रडायला लागलं तर काय करायचे, सगळं विचारा. आणि त्यांची हरकत नसेल तर ते इथे सगळ्यांसाठी टाका, मी माझ्या वर्गात उद्यापासून वापरेन.