शीड उतरवा!

गेले दोन महिने मी रात्री बारापर्यंत इंग्रजांच्या आरमारात असतो. म्हणजे आरामखुर्चीत. नेपोलियनच्या काळातल्या शिडाच्या जहाजांवरच्या कादंबऱ्या, हे व्यसन वाईट. पहिली पन्नास पानं तर दोरांतच गुंतून गेली. शीड वर चढवायचा दोर वेगळा, त्याचा कोपरा ताणायचा वेगळा, शीड टांगायचा आडवा वासा, म्हणजे परबाण, फिरवायचा आणखी वेगळा. इंग्रजांचा आरमारप्रमुख नेल्सन, त्याच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर म्हणे 37 शिडं आणि सुमारे 42 किलोमीटर दोर. एवढ्या दोराला धरून चालत सुटलं तर पुण्याचा माणूस तळेगावच्याही पुढे जाईल.

पण एकदा हे पाठ झालं की वाटू लागतं, आपल्यालाही येतं.

त्यातून माझं दैवत इंग्रजी आरमारातला कप्तान लॉर्ड कॉक्रन. कादंबऱ्यांतले काही कप्तान याच खऱ्या माणसाच्या अंगरख्यातून निघालेत. 6 मे 1801 रोजी बार्सिलोनाजवळ, 14 चिमुकल्या तोफांचं ‘स्पीडी’ आणि जेमतेम 54 माणसं घेऊन हा 32 तोफांच्या, 319 माणसांच्या स्पॅनिश ‘गामो’ला जाऊन चिकटला. इतका जवळ, की तिचे गोळे डोक्यावरून जाऊ लागले. मग सगळ्यांना घेऊन तिच्यावर उडी! मागे सुकाणूवर कोण? जहाजावरचा डॉक्टर. (आमचे डॉक्टर स्वतःची स्कूटरसुद्धा कंपाउंडरकडून स्टँडवर लावून घेतात.)

नेमका त्या लढाईत मी रंगलो असताना परवा वळीव आला.

“अहो, गच्चीवरच्या चादरी!” स्वयंपाकघरातून आज्ञा सुटली.

मी धावलो. डबलबेडची चादर वाऱ्याने टम्म फुगलेली. कुणीही शहाणा माणूस चिमटे काढून ती ओढून घेईल. पण मी आधी वारा कुठून येतोय ते पाहिलं. मग शास्त्राप्रमाणे, वाऱ्याकडचं टोक सोडून शीड सैल करावं म्हणून त्या बाजूचे चिमटे काढले. शीड सैल झालं नाही. ते माझ्या तोंडावर बसलं. मी आंधळा, चादरीच्या आत, आणि बाहेरून मुलाचा आवाज, “बाबा, डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे!”

डावी की उजवी हा गोंधळ नको म्हणून जहाजावर दोन्ही बाजूंना वेगळे शब्द असतात. ते मला येतात. मुलाला येत नाहीत.

शेवटी दोरीच तुटली. चादर, सहा चिमटे आणि एक बनियन यांनी कठड्यावरून कूच केलं आणि खालच्या काकूंच्या पेरूच्या झाडावर नांगर टाकला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी चादर धुऊन, घडी करून दिली. वर बनियन. चिमटे मात्र त्यांच्याच दोरीवर दिसले, सहाच्या सहा. मी मागितले नाहीत. पकडलेल्या जहाजावरचा माल पकडणाऱ्यांनीच वाटून घ्यायचा, हा त्या काळचा आरमारी रिवाज काकूंना कुठलंही पुस्तक न वाचता ठाऊक होता.

बायकोला मात्र तो अजून पटलेला नाही.