एक मशीन, एक माणूस, दिवसाला १९,२०० कॉपी?

परवा रात्री अक्काचा फोन आला. भाची जुळे सोलापुरात झेरॉक्सचं दुकान टाकतेय आणि मशीनसाठी घरातलं सोनं तारण ठेवायचं चाललंय. एवढा धीर कशावर आला, तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मेसेजवर. तो मलाही तीनदा आलाय. ‘४० पीपीएमचं मल्टिफंक्शन मशीन घ्या. मिनिटाला ४०, तासाला २४००, आठ तासांत १९,२०० कॉपी. कॉपी, प्रिंट, स्कॅन तिन्ही एकाच वेळी, म्हणून दुसरं मशीन नको, दुसरा माणूस नको. एका टोनरमध्ये २० हजार पानं.’ सोळा वर्षं कोर्टाजवळ मी हाच धंदा करतोय. सोनं बँकेत जायच्या आत याला उत्तर देणं भाग आहे.

आधी त्या १९,२०० चं बघू. रीममध्ये ५०० कागद. म्हणजे दिवसाला ३८ रीमच्या वर. ५०० कागदांचा ट्रे साडेबारा मिनिटांत रिकामा होणार. रीम फोडायची, कागद पिंजून ट्रेत भरायचे, अडकलेला कागद ओढून काढायचा, गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायचे, हे सगळं त्या एकट्या माणसाने मशीन क्षणभरही न थांबवता करायचं. आणि दर मिनिटाला ४० कॉपींचं गिऱ्हाईक आठ तास दारात उभं पाहिजे. कोर्टाजवळ असूनही मला ॲडमिशनच्या दिवसांत असा एक दिवस लाभलेला नाही.

४० हा आकडा खोटा नाही, हे मान्य करतो. पण तो ए-फोर कागदाचा, एकतर्फी, एकाच ओरिजिनलच्या भरपूर कॉपींचा वेग आहे. क्लासवाल्याने एक प्रश्नपत्रिका दिली आणि दोनशे कॉपी सांगितल्या, तर तो मिळतो. दुकानात तसलं काम थोडं. आधार कार्ड काचेवर ठेवा, एक बाजू स्कॅन करा, झाकण उघडा, कार्ड उलटा, दुसरी बाजू घ्या. इथे वेग हाताचा असतो, मशीनचा नाही.

रविवारी भाचीला दुकानात बसवलं आणि मोबाईलवर वेळ लावली. माझं मशीन ३० पीपीएमचं, म्हणजे मिनिटाला ३० पानांचं. दोन्ही बाजूंनी छापलेल्या खरेदीखताचे दहा कागद फीडरमध्ये, म्हणजे ओरिजिनल एकेक करून आपोआप आत ओढणाऱ्या वरच्या भागात ठेवले, तशाच दुतर्फी कॉपीला. वीस बाजू, मेसेजच्या हिशेबाने ४० सेकंद. लागले १ मिनिट २५ सेकंद. कारण या फीडरला एक बाजू वाचून कागद आत उलटवावा लागतो, मग दुसरी वाचता येते. भाची वाकून बघत होती. कागद अर्धा बाहेर येऊन परत आत जाताना दिसला तेव्हा म्हणाली, “मामा, हे तर कुणीच सांगितलं नाही.” एका फेरीत दोन्ही बाजू वाचणारे फीडर मिळतात, पण पीपीएमच्या आकड्यावरून ते कळत नाही.

कॉपीचा वेग मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धतही आहे, आयएसओ/आयईसी २४७३५, २००९ साली आलेली. तिच्यात चार पानांचं ओरिजिनल फीडरमधून घालतात, एकतर्फी आणि दुतर्फी असे सेट काढतात आणि पहिला सेट बाहेर पडायला किती वेळ लागला तेही मोजतात. डीलरकडे मागायचा तो हा आकडा.

आता ‘तिन्ही एकाच वेळी’. माझा सगळ्यात जास्त राग याच ओळीवर आहे, कारण हिच्याच भरवशावर भाचीने दुसऱ्या छोट्या प्रिंटरचे पैसे यादीतून काढून टाकले होते. मशीनमध्ये स्कॅनर वेगळा आणि कागदावर छापणारं इंजिन वेगळं, म्हणून प्रिंट चालू असताना स्कॅन होतं, तेवढं खरं. पुढच्या गिऱ्हाइकाची कॉपी वाचून मेमरीतही ठेवता येते. पण कॉपी आणि प्रिंट दोन्हीला कागद एकाच ड्रमखालून (तो कागदावर पान उमटवतो) आणि एकाच फ्युजरमधून (तो टोनरची पूड तापवून चिकटवतो) जातो. ६० पानांची प्रिंट सोडली आणि लगेच एका पानाची कॉपी दाबली. मशीनने पान वाचलं आणि कॉपी रांगेत टाकली. हातात आली ती प्रिंट संपल्यावर, जवळजवळ दोन मिनिटांनी. मग तेच इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवायचं बटण, दाबून केलं. कॉपी लगेच मिळाली, पण प्रिंट तेवढा वेळ थांबली. कोर्टाची वेळ झालेला वकील समोर उभा असतो तेव्हा या दोन मिनिटांत तो शेजारच्या दुकानात जातो. मशीन बिघडलं की तिन्ही कामं एकदम बंद, हे तर त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

टोनरचा आकडा पानावर साधारण ५ टक्के शाई धरून देतात. फोटोवालं आधार, काळ्या कडांचे जुने दस्त यांना कितीतरी जास्त लागते.

अक्काला सांगितलंय, सोनं आठवडाभर घरातच राहू दे. सोमवारी भाची डीलरकडे जाईल ती स्वतःची पिशवी घेऊन: दोन आधार कार्डं, स्टेपल काढलेलं दहा कागदी खरेदीखत, दोन सातबारा आणि पेनड्राइव्हवर ६० पानांची फाइल. वेळ तिने स्वतः लावायची, डीलरच्या माणसाने नाही.