घरी काडतुसं भरायची की पेलेट तपासायचे? ओझरहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘स्पर्धेआधी पेलेटची बॅच कशी निवडावी’ या लेखावर (पेलेट म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी) तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. परदेशात नेमबाज घरी काडतुसं भरतात आणि तिथेच त्यांचे गुण वाढतात, तो विषय लेखात टाळला आहे. बॅच चाचणी, म्हणजे वेगवेगळे पेलेट मारून बघून आपल्या नळीला जुळणारे निवडणं, हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, त्यापेक्षा काट्यावर एकेक पेलेट तोलून घ्यावा. पाच शॉटच्या ग्रुपवरून, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या पाच छिद्रांच्या पसाऱ्यावरून, निष्कर्ष काढणं चूक आहे. आणि शेवटी, तुमच्या मुलाचे गुण नाशिकमध्ये येतात तसे बालेवाडीत येत नाहीत, म्हणजे दोष पेलेटमध्येच असणार.

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य. लेखात पाच शॉटचा ग्रुप लिहिला होता, तो अपुरा आहे. तिथे आता दहा शॉटचे तीन ग्रुप अशी दुरुस्ती केली आहे. कारण पुढे येईलच.

आता काडतुसं भरण्याबद्दल. घरी भरण्यासारखं काडतूस म्हणजे सेंटरफायर. त्याच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते. उडालेली टोपी काढून नवी बसवता येते, पुंगळी डायमधून दाबून पुन्हा मापात आणता येते आणि मोजलेली दारू व गोळी घालता येते. ज्या देशांत याला परवानगी आहे तिथले लांब पल्ल्याचे नेमबाज हे करतात ते दोन गोष्टींसाठी: प्रत्येक गोळीचा वेग सारखा राहावा आणि काडतूस आपल्या नळीला जुळावं. पॉइंट टू टू रिमफायरचं तसं नाही. त्याचं पेटणारं मिश्रण पुंगळीच्या कडेच्या पोकळीत आतून बसवलेलं असतं. फायरिंग पिन ती कडच चेपते, तेव्हाच ते पेटतं. चेपलेली कड सरळ करून आत पुन्हा मिश्रण भरणं हे घरचं काम नाही. ती पुंगळी एकदाच वापरायची.

ऑलिंपिकमधल्या रायफल आणि पिस्तुलाच्या सगळ्या स्पर्धा ४.५ मिमी एअर किंवा पॉइंट टू टू रिमफायरवर होतात. नाशिकमध्ये नेमबाजी शिकलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक मिळवलं, पात्रता फेरीत ५९० आणि अंतिम फेरीत ४५१.४ गुण घेतले, ते कारखान्यात तयार झालेल्या रिमफायर काडतुसांवरच. त्या प्रकारात दुसरा पर्यायच नसतो. मुलगा १० मीटर एअर रायफल खेळत असेल, तर त्याच्यासाठी काडतूस हा विषयच उरत नाही.

कायद्याची बाजू स्पष्टच सांगायला हवी, कारण तुम्ही ‘ऑनलाइन प्रेस मागवता येतो’ (प्रेस म्हणजे काडतुसं भरायचं यंत्र) असं लिहिलंय आणि ते वाचून एखादा पोरगा खरंच मागवेल. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना आणि दारूगोळा तयार करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची कारकीर्द एका पार्सलपायी संपू शकते. ती प्रतिक्रिया खाली तशीच राहील, पण प्रेसच्या दुकानाची लिंक मी काढली आहे.

भरून जे साधायचं, म्हणजे सारखा वेग आणि नळीशी जुळणी, ते आपल्याला निवडून साधायचं आहे. बॅच चाचणीचा अर्थ एवढाच. वजनाच्या काट्यावर तुमचा एवढा भर का, हे मला कळतं. काट्यावर आकडा दिसतो, आणि आकडा दिसला की काम झाल्यासारखं वाटतं. म्हणून आधी हिशेब करू.

मॅच एअर रायफलचा पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. दहा मीटर जायला त्याला सुमारे ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्यात तो नळीच्या रेषेपासून १७-१८ मिमी खाली येतो. आता एक पेलेट १ टक्का जड निघाला, म्हणजे ५ मिलिग्रॅम जास्त. हवेची ऊर्जा तीच, त्यामुळे वेग अर्धा टक्का कमी आणि घसरण १ टक्का जास्त. म्हणजे ०.१८ मिमी. रायफलच्या टार्गेटवर दशांश गुणाची एक पायरी ०.२५ मिमीची असते. ५ मिलिग्रॅमचा फरक पायरीभरही होत नाही, आणि चांगल्या कंपनीच्या एका डब्यात बहुतेक पेलेटमधला फरक याहून कमी असतो.

याच्या शेजारी रायफलचा कल ठेवून बघा. रायफल एका अंशाने जास्त कलली, तर शॉट आडवा ०.३ मिमी सरकतो. दोन अंशांना ०.६ मिमी. तुमच्या मुलाची रायफल साठ शॉटमध्ये किती वेळा एखाद-दोन अंश इकडेतिकडे होते, ते मागे मोबाइल लावून बघितलंत तर काट्याचा विचार मागे पडेल.

शिवाय काटा कोणता? सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, म्हणजे १० मिलिग्रॅम. आपण ५ मिलिग्रॅमचा फरक शोधतोय. त्या काट्यावर ०.५२६ आणि ०.५३४ दोन्ही ०.५३ च दिसणार. तोलायचंच असेल तर ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा, तोही पंखा बंद करून, सपाट दगडी ओट्यावर आणि दर वीस-पंचवीस पेलेटनंतर शून्य तपासून.

पेलेटमध्ये खरा घोळ होतो तो त्याच्या मागच्या पातळ घेराला, म्हणजे स्कर्टला. शिसं मऊ, डबा कुरिअरमधून आपटत येतो. स्कर्ट एका बाजूने चेपला की हवा एका बाजूने आधी सुटते आणि पेलेट नळीच्या तोंडाशीच तिरका होतो. असा एकच पेलेट नाइनमध्ये (९ गुणांच्या वर्तुळात) जाऊ शकतो, आणि काट्यावर त्याचं वजन अगदी बरोबर भरतं! म्हणून काटा राहू द्या, काचेचा तुकडा घ्या. काच जराशी कलती ठेवून पेलेट एकेक सोडायचा. डोकं आणि स्कर्ट यांचा व्यास वेगळा असल्यामुळे चांगला पेलेट संथ वळण घेत घरंगळतो. चेपलेला डुगडुगतो किंवा थबकतो. तो सरावाच्या डब्यात. दुसऱ्यांदा डोळ्यांनी, उजेडाकडे स्कर्ट धरून बघायचं. स्पर्धेसाठी ऐंशी-नव्वद पेलेट असे निवडून खाचांच्या फोमच्या डबीत ठेवायचे. एवढ्याला अर्धा तास पुरतो.

चाचणीच्या खर्चाबद्दल: चार हेड साइज, म्हणजे पेलेटच्या डोक्याचे मिमीमधले व्यास, तपासायला (४.४९, ४.५०, ४.५१ आणि मिळाला तर ४.४८) प्रत्येकी दहा शॉट नळी बसायला आणि तीस शॉट मोजायला, म्हणजे एकूण १६० पेलेट. डबा सहसा ५०० चा. क्लबमधल्या चार मुलांनी वेगवेगळ्या साइजचा एकेक डबा घेतला आणि आपसात चाळीस-चाळीस वाटले, तर चौघांचीही चाचणी होते आणि डबेही वाया जात नाहीत. यात श्रीमंती कुठे आली?

नळी बसायला दहा शॉट का, तर आधीच्या पेलेटचं शिसं आणि त्यावरचं वंगण नळीत राहिलेलं असतं. नवा पेलेट पहिल्याच शॉटपासून मोजला, तर त्या सगळ्याचा दोष त्याच्या माथी येतो. फेल्टने नळी पुसल्यावरही असंच होतं, ग्रुप परत जागेवर यायला दहा-वीस शॉट जातात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी साफ करायची नाही.

रायफल शिकंज्यात धरता आली तर उत्तम. ती सोय नसेल तर टेबलावर पुढे-मागे वाळूच्या पिशव्या ठेवायच्या आणि नळी कशालाही टेकू द्यायची नाही. दहा शॉट एकाच टार्गेटवर, मग बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोजायचं आणि त्यातून ४.५ वजा करायचे. कड ते कड ५.५ मिमी आलं, तर मध्यांमधलं अंतर १ मिमी. चारही साइजची एक फेरी झाली की दुसरी फेरी उलट्या क्रमाने, म्हणजे हात थकल्याचा तोटा शेवटच्याच साइजला होणार नाही.

आणि निर्णय घ्यायचा तो तीन ग्रुपपैकी सर्वांत मोठ्यावरून. सर्वांत छोटा ग्रुप सगळ्यांना आवडतो, फोटो त्याचाच निघतो, पण पाच शॉटमध्ये नशिबाने छोटा ग्रुप कोणत्याही पेलेटचा येतो. शॉट वाढले की ग्रुप पसरतो आणि खरं रूप दिसतं. तुमचा तिसरा आक्षेप म्हणूनच बरोबर होता. दोन साइजमधला फरक ०.२ मिमीच्या आत असेल तर तो फरक धरूच नका. दोन्हीपैकी जी वर्षभर मिळेल ती घ्या, आणि डब्यावरच्या एकाच बॅच क्रमांकाचे डबे हंगामापुरते एकदम घ्या.

पॉइंट टू टूकडे वळणाऱ्यांसाठी हीच गोष्ट जास्त तीव्र आहे. ४० ग्रेनची गोळी सेकंदाला ३२५ मीटरने निघते आणि ५० मीटरवर वेगातला १० मीटरचा फरक तिला साधारण साडेसात मिमी खाली नेतो. तिथला टेन, म्हणजे १० गुणांचं वर्तुळ, १०.४ मिमीचा. म्हणजे १०.९ व्हायचा शॉट १०.० च्या काठावर येतो. प्रत्यक्षात नळीच्या कंपनामुळे हा फरक कमी किंवा जास्त होतो, आणि त्यामुळेच मित्राच्या रायफलला लागू पडलेला लॉट (काडतुसांची बॅच) तुमच्या रायफलला पडेलच असं नाही. प्रत्येक लॉटची ५० ची एक पेटी घ्यायची, दहा नळीसाठी, चाळीस मोजण्यासाठी. दहा-दहाचे चार ग्रुप एकावर एक ठेवून चाळीस शॉटचं एकच चित्र बघायचं.

आता बालेवाडी. घरच्या रेंजवर गुण येतात आणि पुण्यात पडतात, पेलेट मात्र दोन्हीकडे तेच. मग पेलेटवर संशय घेण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, रायफलचा हवेचा सिलिंडर. २०० बारपर्यंत घाईने भरला की आतली हवा तापते. ४५ अंशांना २०० दाखवणारा सिलिंडर २५ अंशांवर आला की १८७ च्या आसपास उतरतो. हळू भरा, निवू द्या, मग पुन्हा वर करा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरला ओलावा शोषणारा फिल्टर नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि पुढे रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, बिघडवतं. रेग्युलेटर डगमगला की वेग डगमगतो: सेकंदाला ३ मीटरचा फरक म्हणजे ०.६ मिमी, दशांशाच्या दोन पायऱ्यांहून जास्त. वजनाच्या फरकापेक्षा हा तिपटीहून मोठा. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) वीस शॉट घेतले की लगेच कळतं. सिलिंडरवरची तारीखही वाचा. दहा वर्षांची मुदत उलटलेला सिलिंडर वापरायचा नाही, आणि त्याची जबाबदारी खेळाडूवरच असते. आणि कुणी काहीही सांगितलं तरी हॉस्पिटलचा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन त्यात भरायचा नाही. तेलाच्या अंशाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो.

दुसरी, तापमान आणि जॅकेट. डिसेंबरच्या पहाटे नाशिकहून निघालेली रायफल गाडीत थंड, मग डिकीत उन्हाने गरम. रेंजवर पोचल्यावर पेटी उघडून तिला अर्धा तास तरी द्या. कोरड्या थंडीत जॅकेटही कडक होतं आणि नाशिकमध्ये नियमात बसलेलं जॅकेट तपासणीच्या टेबलावर अडकू शकतं. काठावरचं जॅकेट आधीच मोजून घ्या.

तिसरी, साइटर, म्हणजे मॅचआधीचे न मोजले जाणारे शॉट. तयारी आणि साइटर मिळून १५ मिनिटं, साइटर हवे तेवढे. मग ६० शॉट ७५ मिनिटांत, म्हणजे शॉटला सव्वा मिनिट. बरीच मुलं १५ मिनिटांतली दहा उभं राहण्यात आणि जॅकेटच्या बटणांत घालवतात. साइट नव्या उजेडाला न जुळवताच पहिली सीरीज (दहा शॉट) सुरू होते आणि तिथेच तीन-चार गुण जातात. रेंजचा उजेड घरच्यापेक्षा वेगळा असेल तर पुढच्या साइटची रिंग एक माप मोठी लावून बघायची, पण ती साइटरमध्येच. मॅच शॉट सुरू झाल्यावर रिंगला हात लावायचा नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत ओझरती आली, पण मला ती फार खटकली. हात मोकळे राहावेत म्हणून मुलगा पेलेट ओठांत धरतो, असं तुम्ही लिहिलंय. हे आजच बंद करा. पेलेट शिशाचे असतात आणि वाढत्या वयात शिसं मेंदूवर परिणाम करतं. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. पेलेटवर पांढरट भुकटी दिसली तर तो शिशाचा गंज आहे, तो पेलेटचा डबा टाकून द्या. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवली की हे टळतं.

स्पर्धेला आठ दिवस आहेत म्हणता. या आठ दिवसांत नवा पेलेट नको, ट्रिगरला पाना नको. आहे त्याच डब्याचे दहा-दहाचे तीन ग्रुप घ्या आणि क्रोनोग्राफ मिळाला तर वीस शॉटचे वेग टिपा. डब्यावरचा बॅच क्रमांक, हेड साइज, तिन्ही ग्रुपची मापं आणि वेग इथेच खाली लिहा. बघून रविवारपर्यंत उत्तर देतो.