डर्बी म्हणा, डार्बी म्हणा

नाव लिहिलेलं 'डर्बी', म्हणायचं 'डार्बी'. इंग्लंडमधल्या या गावात नवा असताना मी बसमध्ये 'डर्बी' म्हणालो, तर ड्रायव्हर म्हणाला, "डार्बी, डक." (इकडे लाडाने कुणालाही बदक म्हणतात.) तिकीट दिलं, विषय संपला.

या नावाला अर्थही किती! जुनं सॅक्सन नाव नॉर्थवर्दी. नवव्या शतकात डॅनिश आले आणि त्यांनी ते बदललं. त्यांच्या भाषेत 'बी' म्हणजे गाव, आपल्या 'वाडी'सारखं. आधीचा तुकडा म्हणजे हरीण, असं काही जण म्हणतात. काहींच्या मते तो डरवेंट नदीचा. निकाल लागलेला नाही, तरी शहराच्या चिन्हावर हरीण ऐटीत बसलंय. १७८०पासूनची घोड्यांची डर्बी या गावात नाहीच, ती लंडनजवळ एप्समला. शर्यतीला नाव देणारा उमराव डर्बीचा अर्ल, पण त्याचं घराणं लँकेशरचं. फुटबॉलमध्ये शेजारच्या संघांची झुंज म्हणजे डर्बी. अमेरिकेत तर ती डोक्यावर घालायची टोपी.

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर काकूने सवयीने 'औरंगाबाद' लिहिलं. चुलतभावाने तिला सगळ्यांसमोर झापलं. काकू चाळीस वर्षं गुलमंडीत राहतेय!

'बघा, इथे नॉर्थवर्दीसाठी कुणी भांडत नाही,' असं मी टाईप केलं आणि पुसलं. डॅनिशांना हजारावर वर्षं झाली, इथे कुणाची जखम ओली नाही. १६८९मध्ये औरंगजेबाने संभाजीराजांना कसं मारलं, ते आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, याबद्दल माझी तक्रार नाही. मलिक अंबरच्या वेळची खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद. त्या गावाला नाव बदलण्याची सवय आहे. पण सरकारने पाटी बदलली म्हणून काकूच्या जिभेची झडती घ्यायची? हे मला पटत नाही. बसड्रायव्हरनेही मला दुरुस्तच केलं होतं की, पण उतरवलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात बाबांचं फराळाचं पार्सल आलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'छत्रपती संभाजीनगर', खाली कंसात बारीक अक्षरात 'औ.बाद'. फोनवर विचारलं तर म्हणाले, "कुरियरवाल्याला दोन्ही कळावं."

वर माझ्या गावाचं नाव मराठीत 'डर्बी'. दहा वेळा सांगून झालंय. म्हणतात, "आमच्या मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर डर्बीच पळते."