एरंडेलाने चिकटलेली आतडी सुटत नाहीत, आधी तो मेसेज डिलीट करा

शेवटी तो फॉरवर्ड आमच्या मावशीपर्यंत पोचलाच. "पिशवीचं किंवा सिझरचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईने वाचा", आणि खाली पाच मुद्दे. ऑपरेशननंतर आत एकमेकांना चिकटलेली आतडी रोज रिकाम्यापोटी दोन चमचे एरंडेल घेतलं की पंधरा दिवसांत सुटतात, सेरापेप्टेजच्या (सुजेवर देतात त्या) गोळ्यांनी आतला व्रण विरघळतो, तरी दुखलं तर दुर्बिणीने कापून घ्या, पोटाचा पट्टा जन्मभर बांधा, वांगं आणि भात बंद. वर परत "डॉक्टर गरज नसताना पिशव्या काढतात, ते हे सांगणार नाहीत".

एरंडेलाचंच आधी घेते, कारण डोकं त्यानेच फिरलंय. मावशीची पिशवी काढून चार वर्षं झालीत. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, यायच्या, थांबायच्या, परत यायच्या, पोट टम्म, दोन उलट्या, आदल्या दिवसापासून गॅससुद्धा सुटलेला नाही. आणि बाईंनी काय केलं तर मेसेज वाचून चहातून एरंडेल घेतलं. मी पोचले तेव्हा कप ओट्यावरच होता, तळाच्या चहावर तेलाचे गोल तरंगत होते. रात्री अ‍ॅडमिट, नाकातून नळी, सलाईन, तोंडाने पाणीपण नाही. सीटी स्कॅनमध्ये लहान आतडं एका जागी अडकलेलं दिसलं. नशीब की तिसऱ्या दिवशी आपोआप मोकळं झालं, ऑपरेशन टळलं.

एरंडेल आतड्याला जोरात आकुंचन पावायला लावतं, त्याचं कामच ते. पण पुढे रस्ताच बंद असेल तर ते आतडं भिंतीवर डोकं आपटल्यासारखं ढकलत बसणार, आणि पीळ पडून रक्तपुरवठा तुटलेला असेल तर आतडं फुटायचीच भीती. तेव्हा ऑपरेशन झालेल्या पोटात अशा कळा, उलट्या, फुगलेलं पोट आणि गॅस-शौच बंद असं सगळं एकत्र आलं की जुलाबाचं काहीही घ्यायचं नाही, रिक्षा बोलवायची.

आणि ते "विरघळणं" म्हणजे नेमकं काय? ऑपरेशनमध्ये पोटाच्या आतल्या नाजूक अस्तराला धक्का लागतो, काही तासांतच तिथे फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, चिकट थर बसतो. बहुतेक ठिकाणी शरीर तो काही दिवसांत स्वतःच साफ करतं, जिथे करत नाही तिथे त्यात तंतू आणि रक्तवाहिन्या वाढून पक्का पट्टा तयार होतो. हा आपल्याच शरीराचा जिवंत भाग आहे, पातेल्याला करपलेलं दूध नाही तेल घालून सुटायला. शिवाय एरंडेल आतड्याच्या आतून जातं, हे पट्टे असतात आतड्याच्या बाहेरून!

सेरापेप्टेज. हे औषध ज्या टाकेदा कंपनीने जपानमध्ये विकलं तिनेच २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं, कारण नव्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीपेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे मेडिकलवाला अजून हसत हसत देतो.

दुर्बिणीने कापण्याचा मुद्दा ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून सांगते. २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्सचा अभ्यास आला होता, पोट सतत दुखणारे, आत चिकटलेलं असणारे १०० पेशंट. ५२ जणांचे पट्टे कापले, ४८ जणांच्या पोटात दुर्बीण घालून नुसतं बघितलं, आणि कोणाचं काय केलं ते पेशंटना सांगितलं नाही. वर्षभराने दोन्हीकडच्यांना बरं वाटत होतं आणि दोघांत काही फरक नव्हता. शिवाय कापलेल्या जागी परत चिकटतंच. आतडं अडकलंय आणि सुटत नाहीये तेव्हा ऑपरेशन लागतं, त्याबद्दल वाद नाही, पण नुसत्या दुखण्यासाठी परत पोटात शिरायच्या आधी दहादा विचारा.

आता मान्य करायचं ते करते, नाइलाजाने. गरज नसताना पिशव्या काढल्या जातात हे खोटं नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांबद्दल नीलम गोऱ्हेंच्या समितीने पाहणी केली, ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आणि चिकटलेलं आतडं साध्या सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसत नाही, त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत" हे ऐकून घेणाऱ्या बायका अशा मेसेजच्या मागे लागतात, त्यांचं मला कळतं. चीड येते ती मेसेज लिहिणाऱ्याची.

पोटाला बाहेरून बांधायच्या पट्ट्याबद्दल काय बोलायचं, सुरुवातीला खोकताना-उठताना टाक्यांना आधार मिळतो, आत काय चिकटतंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही. वांगं मावशीला मुळातच आवडत नाही, ते तिने आनंदाने सोडलं. आणि भात बंद म्हणे! सुट्टी देताना तिला पहिले काही दिवस मऊ भातच खायला सांगितला होता, वर तूप घालून.