मेकॅनिकलला मुली आल्यात, आता काय करायचं?

विभागप्रमुख साहेब, घाबरू नका. इंजिनिअरिंगला मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव होत्याच. त्यात 2024-25 पासून सरकारनं 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींचं शिक्षण शुल्कही माफ केलं. आता राधानगरी, गडहिंग्लजकडच्या पोरी कोल्हापुरात येऊन थेट मेकॅनिकल मागणारच. येऊ द्यात. त्यांना आपलेपणा वाटेल एवढं तुम्ही बघा.

सुरुवात वर्कशॉपपासून करा. मुलगी कानस घेऊन बाकाशी उभी राहिली की इन्स्ट्रक्टरनं मायेनं म्हणावं, "बाळ, हाताला लागंल. लोखंडाचा जॉब ह्यो पोरगा घासतोय, तू जर्नल लिही." लेथकडं, म्हणजे धातू कातायच्या यंत्राकडं, तर फिरकूच देऊ नका. पोरींचं अक्षर चांगलं असतं, तेव्हा गटातल्या सगळ्यांची जर्नलं तिच्याकडंच सोपवा. पुढं ओरलला बाहेरच्या परीक्षकांनी लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, जॉब सेंटर कसा करतात ते विचारलं आणि ती गप्प राहिली, की तुम्ही त्यांच्या कानात सांगायला मोकळे : मुलींची थिअरी उत्तम हो, प्रॅक्टिकल जमत नाही. (चार वर्षं नेटानं केलं की हे खरंच होतं.)

कुणी नाक मुरडलं तर थोरांचा दाखला द्या. 1933 साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत खुद्द सी. व्ही. रामन यांनी कमला भागवत यांना आधी नाकारलं, मग वर्षभराच्या अटीवर घेतलं. वर्षभरात रामन यांचं मत बदललं. आपल्याला इतकी घाई नाही.

स्वच्छतागृहाचा विषय निघेलच. वर्कशॉपचा नकाशा काढताना ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजारच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. किल्ली शिपाईमामांकडं आणि मामा चहाला. परत यायला वीस मिनिटं लागली तर हजेरी कापा. शिस्त सगळ्यांना सारखी.

बाहाची, म्हणजे विद्यार्थ्यांनी गाडी बनवायच्या स्पर्धेची, गाडी रात्री जुळवतात आणि मुलींच्या होस्टेलचं गेट साडेसातला बंद होतं. त्यांना टीममध्ये जरूर घ्या, स्पॉन्सरशिपची पत्रं दिवसाही लिहिता येतात. अंतर्गत तक्रार समिती कायद्यानं लागते, तिचा फलक लावा. नंबर जुनाच राहू द्या.

8 मार्चला भाषण दणक्यात व्हायला हवं. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथून सुरू करा. मग आनंदीबाई जोशी. 1886 साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानानं त्यांना आपल्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली होती. फक्त तिथं 'जबाबदारी' न म्हणता 'सत्कार' म्हणा, नाहीतर मागच्या बाकावरची एखादी विचारायची, सर, आपल्या वर्कशॉपात बाई इन्स्ट्रक्टर कधी?

राहिलं कॅम्पस, म्हणजे कॉलेजात येऊन कंपन्यांनी नोकरीला पोरं निवडणं. गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीचे साहेब येतील आणि म्हणतील, आमच्याकडं रात्रपाळी असते, मुलंच द्या. वाद घालू नका, यादीतली मुलींची नावं तेवढी खोडा. सुट्टी मात्र त्यांना देऊ नका त्या दिवशी. साहेबांना ओवाळायला दारात नऊवारी नेसून पाचजणी तरी लागतातच की.